बाईंची नक्कल

गणिताच्या बाईंना शाळेतली मुलं टरकून असायची आणि शिक्षकांच्या खोलीतली मंडळी त्यांच्यावर जीव ओवाळून टाकायची. कारण बाई नकला करायच्या. अशा तशा नाहीत. हेडसर भाषणाला उभे राहिले की आधी घसा खाकरतात, मग चष्मा काढून कपाळावर चढवतात आणि मग तोच चष्मा टेबलावर शोधत बसतात, हे सगळं बाई हातातला चहाचा कप खाली न ठेवता करून दाखवायच्या. खेळाचे सर कसे शिंकतात, ग्रंथपालबाई फाटकं पुस्तक परत घेताना नाक कसं मुरडतात, नवा शिपाई रजा मागताना कसा अर्धा दारात आणि अर्धा बाहेर उभा राहतो. नुसतं नाव काढायचा अवकाश! हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. घंटा झाली तरी कुणी जागचं हलायचं नाही.

आता नक्कल करायची म्हणजे समोरच्याकडे नीट बघावं लागतं. बाई बघायच्या. कुणाची भुवई कधी उडते, कुणाचा आवाज कुठे फाटतो, कुणाचे हात कधी थरथरतात, काही म्हणजे काही सुटायचं नाही. हात का थरथरतात, एवढंच त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. कशाला विचारतील? हसवायला तेवढं लागत नाही.

मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'करवत'. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना चक्क अभिमान होता. बाकीच्या शिक्षकांना टोपणनावं होती ती नुसती चिडवायला. आपल्याला आहे ते धाक म्हणून, अशी त्यांची समजूत. असतात एकेकाच्या समजुती!

घरी नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासायच्या आणि घरी येऊन बायकोसमोर डोळे मिटून मान डोलवायची, असा तो साधा माणूस. जेवायला बसला की विचारायचा, "आज कोणाची?" की बाई सुरू. आणि एक लेक, दहावीतली, त्याच शाळेत शिकणारी. शाळेत तिने आईला 'बाई' म्हणायचं, 'आई' अजिबात नाही, असा कडक नियम. उद्या कुणी म्हणायला नको की पोटच्या पोरीला झुकतं माप देते. झुकतं माप राहू द्या, पोरीच्या वाट्याला सरळ मापसुद्धा कधी येत नव्हतं. दुसऱ्याच्या मुलीने सोडवलेल्या गणितात एक पायरी गाळली तर बाई रेघ मारायच्या. लेकीने गाळली तर घरी येऊन त्यावर जेवणभर बोलायच्या.

त्या वर्षी वरून फर्मान आलं की प्रत्येक शाळेत समुपदेशक हवाच. मुलांच्या मनाची काळजी घ्यायची म्हणे. हेडसरांनी कपाळाला आठ्या घालत एक तरुण मुलगी नेमली आणि जिन्याखालची खोली तिला दिली. त्या खोलीत आधी मोडकी स्टुलं आणि फाटके नकाशे होते. नकाशे काढले, स्टुलं राहिली.

पहिल्याच बैठकीत ती मुलगी उठून बोलायला लागली. आवाज इतका मऊ की पंखा बंद करावा लागला. म्हणाली, "मी मुलांना उपदेश करणार नाही. मी त्यांचं ऐकून घेणार. परीक्षेची भीती असेल, घरचं काही असेल, कुणी छळत असेल, ते त्यांना आधी मोकळेपणी बोलता यायला हवं. मग त्यातून वाट कशी काढायची ते आम्ही मिळून बघू."

"म्हणजे नुसतं ऐकायचा पगार?" बाई शेजारच्या ग्रंथपालबाईंच्या कानात म्हणाल्या, पण कुजबुज अशी की शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचावी. "माझी सासू एवढी वर्षं माझं फुकट ऐकून घेत होती. तिला सांगायला हवं होतं."

सगळे फिस्सकन हसले. मधल्या सुट्टीपर्यंत बाईंनी त्या मुलीचं नाव 'हळूबाई' ठेवलं होतं आणि तिची नक्कल तयारही होती. मान जराशी कलती, हात मांडीवर, डोळे पाणावलेले. "हंऽऽ... आणि त्याबद्दल तुला काय वाटतं?" खेळाचे सर म्हणाले, मला शिंक येते. "हंऽऽ... आणि शिंक येते तेव्हा तुला काय वाटतं?" झालं! त्या दिवसापासून शाळेत कुणी चहा मागितला तरी त्याला विचारत, चहाबद्दल तुला काय वाटतं.

हळूबाईंच्या खोलीत अर्थातच चिटपाखरू फिरकेना. फिरकेल कसं? जिन्याखालचं दार, जाणारायेणारा प्रत्येक जण बघणार. मुलांनी त्या खोलीला 'डोकं फिरलेल्यांची खोली' म्हणायला सुरुवात केली होती. तिथे पाऊल टाकलं की वर्गात आयुष्यभराचं चिडवणं. त्यापेक्षा माणूस आपलं दुःख दप्तरात घालून घरी नेईल.

इथे बाईंना एक कल्पना सुचली. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीमागे हरवलेल्या वस्तूंचं कपाट होतं. वर्गात, मैदानावर सापडलेलं सगळं त्यात. पाण्याच्या बाटल्या, स्वेटर, कंपासपेट्या, एकेकटे मोजे, आणि आत काहीतरी विसरलेले डबे, ज्यांची झाकणं उघडायची कुणाची हिंमत नव्हती. त्या वासाने बाईंचं डोकं उठायचं. त्या हेडसरांना म्हणाल्या, "हे कपाट जिन्याखाली हलवा की. ती बिचारी दिवसभर माश्या मारत बसते. तेवढाच तिला उद्योग. मोज्यांना विचारेल, तुम्हाला काय वाटतं."

हेडसर हसले आणि कपाट हलवलं. सगळ्यांना वाटलं, हळूबाई रडणार. ती म्हणाली, "चालेल की," आणि स्वतः एक बाजू धरून कपाट आत सरकवलं. बाईंना ते जरा खटकलंच. अपमान केला तर माणसाने निदान तो करून घ्यावा!

आणि त्यानंतर शाळेतली मुलं एकाएकी वेंधळी झाली. रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी हरवायचं. तासाला हात वर. "बाई, टोपी हरवलीय, बघून येऊ?" "बाई, पट्टी." वर्गातली सगळ्यात नेटकी मुलंसुद्धा. शिक्षकांच्या खोलीत यावर खल झाला. कुणी मोबाईलला दोष दिला, कुणी आयांना. बाई म्हणाल्या, "लाड! दुसरं काही नाही. एक हरवलं की दुसरं हजर. आमच्या वेळी पेन्सिल हरवली की पाठीत धपाटा मिळायचा, म्हणून हरवत नव्हती."

त्यात त्यांची स्वतःचीच लेक सामील झाली, तेव्हा मात्र त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ही मुलगी म्हणजे कधी खोडरबर हरवला नाही अशी. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणारी. तिची आधी बाटली हरवली. मग स्वेटर. मग कंपासपेटी. मग पुन्हा बाटली.

"अगं बये, डोकं तरी धडावर आहे ना? की तेही कपाटात ठेवून आलीस?"

लेक नखांच्या कडेची कातडी सोलत उभी राहायची. कातडी सोलून सोलून बोटं लाल झाली होती. तिचं जेवण कमी झालं होतं. सकाळी उठवायला जावं तर आधीच जागी, छताकडे बघत. सराव परीक्षेत तिने आईच्याच विषयाचा अर्धा पेपर कोरा ठेवला होता. हे सगळं बाईंच्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यांनी निदान केलं, आळस. शाळेतल्या सगळ्या माणसांची नस न् नस ओळखणारी बाई! स्वतःच्या घरातली पोर समोर बसून वाळत चालली आहे, हे तिला दिसू नये? पण नाही दिसलं. त्या दिवशी वर्गात तोंडी परीक्षेला एक मुलगा फळ्यासमोर गोठला होता, पाणी मागता मागता रडला होता, आणि बाईंना रात्रीच्या जेवणाला तो करून दाखवायचा होता.

"बा... बाई... पा... पा..." बाईंनी ओठ थरथरवले, गळा हलवला. नवऱ्याला ठसका लागला. लेक ताटावरून उठली आणि हात धुवायला गेली ती परत आलीच नाही.

"हिला काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"नखरे," बाई म्हणाल्या.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत खेळाचे सर धावत आले. "अहो, कोडं सुटलं! मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. आठवीतल्या एकाने आपली टोपी आपल्याच हाताने त्या कपाटात टाकली आणि पुढच्या तासाला हरवली म्हणून आणायला गेला. गेला तो अर्धा तास आतच. ही कार्टी मुद्दाम हरवतात हो! त्या हळूबाईंशी बोलायला जाता यावं म्हणून!"

काय हशा उसळला म्हणता! सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाई उठल्या, साडीचा पदर सावरला, मान कलती केली. "ये बाळ, बैस. खोडरबर हरवला? हंऽऽ... आणि खोडरबर हरवला तेव्हा तुला काय... बाटली हरवली तेव्हा तुला काय..."

इथे बाईंची जीभ अडखळली. बाटली. स्वेटर. कंपासपेटी. पुन्हा बाटली.

मान तशीच कलती, हात तसेच. लोकांना वाटलं, हाही नकलेचाच भाग. टाळ्या पडल्या.

बाई तिथून निघाल्या त्या तडक जिन्याखाली. दार ढकललं. आत हळूबाई एकटीच, कपाटातले स्वेटर घडी करत बसली होती.

"माझी मुलगी येते इथे?"

"कोण येतं आणि कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही, बाई."

"मी कुणी ऐरीगैरी नाही. आई आहे तिची!"

"म्हणून तर तिलाच विचारा ना."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या काही बरंवाईट झालं तर? तेव्हाही अशाच घड्या घालत बसणार?"

"नाही," हळूबाई म्हणाली, आवाज तसाच. "कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी क्षणभर थांबत नाही, घरी कळवते. आणि तसं कळवेन हे मी प्रत्येक मुलाला आधीच सांगून ठेवते. डॉक्टरांची गरज असेल तर तिकडे पाठवते. पण बाकीचं बोलणं त्या मुलाचं असतं. ते मी बाहेर नेलं, तर उद्या एकही जण येणार नाही. मुलांना फार काही नको असतं, बाई. आपण बोललेलं कुणी हसण्यावारी नेऊ नये, एवढ्यापासून सुरुवात असते."

हे शेवटचं वाक्य तिने टोमणा म्हणून टाकलं नव्हतं. पण लागायचं तिथे लागलं. आणि लागलं म्हणून बाई जास्तच पिसाळल्या. तशाच हेडसरांकडे गेल्या. पोरं खोटं बोलून तास बुडवतात, शिस्तीचं मातेरं झालं, ते कपाट तिथून काढा. हेडसरांना तेवढंच हवं होतं. म्हणाले, "उद्याच्या बैठकीत घेऊ. कपाट परत वर. आणि ज्याला त्या ताईंकडे जायचंय त्याने वर्गशिक्षकांची सही घेऊन जावं." म्हणजे उघड्यावर. म्हणजे कुणीच जाणार नाही. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं.

घरी गेल्यावर त्यांनी लेकीला समोर बसवलं. "तू त्या जिन्याखाली जातेस?"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. "त्यांनी सांगितलं?"

"त्या काय सांगणार! तोंड शिवून बसल्यात. मी विचारतेय. असं काय आहे जे तिला सांगता येतं आणि आईला नाही?"

पोरीचं बोट पुन्हा नखाच्या कडेकडे गेलं. मग लेक म्हणाली, "पेपर समोर आला की मला श्वास घेता येत नाही. हात बधिर होतात. येत असलेलं सगळं जातं. रात्री झोप नाही लागत. वाटतं, सकाळ होऊच नये, आपण नाहीसंच व्हावं. हे मी ताईंना सांगितलं. जिवाचं काही करावंसं वाटतं का, हे त्यांनी नीट विचारून घेतलं; तसं नाही वाटत. त्यांनी श्वास कसा सावकाश सोडायचा ते शिकवलं. पहिला प्रश्न सोपा निवडायचा, बाकी पेपर झाकून ठेवायचा, असं आम्ही ठरवलं. थोडं बरं वाटतं. आणि त्या रोज म्हणतात, हे घरी सांगूया. मी सोबत येते, म्हणतात. मीच नको म्हणते."

"पण का? मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू माझी नक्कल केली असतीस."

बाईंनी तोंड उघडलं.

"त्या मुलाची केलीस ना. पाणी मागताना. मला तस्संच होतं, आई. अगदी तस्संच. बाबा हसत होते आणि मला वाटत होतं, ही माझीच करतेय."

 ज्या बाईंना उभ्या जन्मात शब्द कमी पडला नव्हता, त्या नुसत्या पोरीच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी तेल आणलं आणि तिच्या सोललेल्या बोटांना लावलं. लेकीने हात मागे घेतला नाही, हीच मेहेरबानी.

"तू शाळेत कुणाला सांगू नको हं," लेक म्हणाली. "मी जाते ते."

"नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. हेडसरांनी घसा खाकरला, चष्मा कपाळावर चढवला आणि कपाटाचा विषय काढला. बाई उठून उभ्या राहिल्या. रात्रभर झोप नव्हती, घसा कोरडा पडला होता, त्यामुळे आवाज मऊच निघाला. "कपाट तिथेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "मुलांना तिथे जायला काहीतरी निमित्त लागतं. त्यांचं कुणीतरी ऐकून घ्यायला हवं."

खोलीत एकदम स्फोट झाला. खेळाचे सर टेबलावर हात आपटून हसायला लागले. ग्रंथपालबाईंच्या डोळ्यांतून पाणी. "अगंबाई, काय हुबेहूब! तोच आवाज!"

"मी नक्कल करत नाहीये," बाई म्हणाल्या. तेही मऊच निघालं. हशा दुप्पट झाला. हळूबाई कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती.

आता भोगा! जन्मभर दुसऱ्यांचे आवाज उसने घेऊन मिरवलं, आणि आज स्वतःचा आवाज काढला तर कुणी ओळखेना. एकाच वाक्याने ही सगळी गप्प झाली असती. माझी मुलगी जाते तिथे. ते वाक्य बाईंच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"मी जाते तिथे," त्या म्हणाल्या.

हसणं जरा ओसरलं.

"मला रात्री झोप लागत नाही. छातीत धडधडतं. काहीतरी हरवलं म्हणून सांगून मी जिन्याखाली जाते आणि ताईंसमोर बसून रडते. कपाट हलवलंत तर मी कुठल्या तोंडाने जाऊ? वर्गशिक्षकांची सही घेऊन?"

 हेडसरांनी चष्मा शोधायला सुरुवात केली. "हे... हे खरं का हो, ताई?"

हळूबाईने मान वर केली. तिला माहीत होतं की हे धडधडीत खोटं आहे. "कोण येतं आणि कोण नाही," ती म्हणाली, "हे मी कुणालाच सांगत नाही, सर."

शाळेतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई असं म्हटल्यावर हेडसर काय करतात? पुढचा विषय घेतला. कपाट राहिलं.

बाई बाहेर पडल्या आणि व्हरांड्यात चार पावलं गेल्या असतील नसतील, तेवढ्यात आतून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. "मी बाई जिन्याखाली जाते आणि रडतेऽऽ..." ग्रंथपालबाई. पदर सावरण्याची लकबसुद्धा साधली असणार. नक्कल काही फार चांगली नव्हती, पण हशा दणदणीत होता. बाई तिथेच उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग वर्गावर गेल्या.

दुसऱ्या दिवसापर्यंत मुलांना कळलंच. भिंतींना कान असोत नसोत, शिपायाला होते. 'करवतीचं डोकं फिरलं' ही बातमी पाचवीपर्यंत पोचली. बाई व्हरांड्यातून चालल्या की मागून खुसखुस. कुणीतरी कपाळावर बोट फिरवून दाखवायचं. बाईंनी वळून बघितलं की सगळे भोळे. एवढी वर्षं ज्यांचे पाय त्यांना बघून लटपटायचे, ती पोरं आता त्यांच्या चालण्याची नक्कल करत होती.

मधल्या सुट्टीत दहावीचा वर्ग बाहेर पडत होता. बाई समोरून येत होत्या. खुसखुस सुरू झाली आणि त्या घोळक्यातून लेक बाहेर आली. मैत्रिणी बघत होत्या, सगळा वर्ग बघत होता.

"आई," ती मोठ्याने म्हणाली.

शाळेतला नियम मोडला होता. बाई थांबल्या.

"आई, माझी बाटली हरवलीय."

बाटली तिच्या हातातच होती. बाईंनी ती बघितली, आणि सगळ्या वर्गानेही बघितली.

"मग जा, बघून ये," बाई म्हणाल्या. "नीट शोध. घाई करू नको."